गोंदानं बसवलेली राणी

विठ्ठू, हे मी देवनागरीत लिहिते आहे. तू असतास आणि हा कागद तुझ्या हाती लागला असता, तरी तुला तो वाचता आला नसता. आपण तंजावरात घरी मराठी बोलत वाढलो, शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकलो, आणि मराठी लिहायला मला पुण्याला जावं लागलं. बी.एड.चं एक वर्ष आणि नोकरीची आठ. परत आले तेव्हा माझं बोलणं ऐकून तू हसून हसून लोळला होतास. "अक्का, तूं बोलतेस की कोणी बातम्या सांगालं असं वाटतं," म्हणाला होतास. आज त्या पुण्याच्या मराठीचा मला वेगळाच उपयोग होतो आहे. जे तुला कधी सांगितलं नाही ते तुला न वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहायचं. हा शूरपणा नव्हे, हे मला कळतं.

तुला जाऊन महिनाही झालेला नाही. पापनाशमच्या बसस्टँडजवळ मोपेड उभी केलीस, चहा सांगितलास आणि चहा यायच्या आत गेलास. तुझी खेळण्यांची पत्र्याची पेटी मागच्या सीटला रबरी पट्ट्यांनी बांधलेली तशीच होती. लोक भेटायला आले आणि एकामागून एक तेच बोलत राहिले: आपली तंजावरची तलैयाट्टी बाहुली बघा, कितीही पाडा, पुन्हा उठते, तसा हा माणूस होता. मला इतका राग आला म्हणून सांगू. तू असतास तर म्हणाला असतास, "ती धीरानं उठत नाही हो, तिचा बोजा खालीं अहे म्हणून उठते." चांगलं जड, गोल मातीचं बूड, वर कागदाच्या लगद्याचं हलकं अंग, बस. तिच्यात शौर्य शोधू नका, बूड उलटं करून बघा. हे तू निदान हजार पोरांना सांगितलं असशील, पण भेटायला आलेल्यांत ती पोरं नव्हती, मोठी माणसं होती.

आपला तो जुना वाद अर्धाच राहिला. मी शाळेची मुख्याध्यापिका, फिजिक्सची एम.एस्सी.; तू सरकारी शाळेतला लॅब असिस्टंट, बारावीनंतर न शिकलेला. माझं म्हणणं, आधी नियम सांगावा, मग प्रयोग दाखवावा, नाहीतर ती जादू होते. तुझं म्हणणं, आधी हात लावू दे. "बारसं मागून करतात की, अक्का. आदीं लेंकरूं येऊं दे." मी चेन्नईहून विज्ञानाच्या खेळण्यांचे संच मागवले होते, नंबर घातलेले, थर्मोकोलच्या खाचांत बसवलेले. तू दर वर्षी शाळेत आलास की त्या काचेच्या कपाटापुढं उभा राहायचास.

"या वर्षी कितीं मोडलं?"

"एकही नाही," मी ताठ मानेनं सांगायची.

"अय्यो, मग कोणी खेळलंच नाही की!"

तुझं एकही खेळणं दोन महिन्यांवर टिकत नसे. ताडगोळ्याच्या दोन रिकाम्या कवट्यांची गाडी आठवड्यात सुकून वाकडी व्हायची. सरबताची नळी कात्रीनं टोकदार कापून तू तिची पिपाणी करायचास. ती फुंकता फुंकता आणखी कापत जायचास, आवाज चढत जायचा, शेवटी नळी बोटभर उरायची आणि पोरं ओरडायची. पाण्याची बाटली दाबून तिच्यातलं पेनचं टोपण वरखाली करायचास. पितळी तांब्याच्या तळाशी नाणं ठेवून, ते दिसेनासं होईपर्यंत मुलीला मागे सरकवायचास आणि मग हळूच पाणी ओतायचास. नाणं वर आलेलं दिसलं की ती मुलगी आधी तांब्याकडे बघायची नाही, तुझ्याकडे बघायची. मी ते बघायची आणि मनात म्हणायची, अपवर्तन हा शब्द कुठे आहे? खरं सांगू का, मला तुझा हेवा वाटायचा. माझ्याकडे पोरं तशी कधी बघत नसत. हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे.

आता ती गोष्ट. तू ती कधी काढली नाहीस आणि मी काढू शकले नाही.

पाच वर्षांपूर्वी नवरात्रात मला सुचलं की शाळेत कोलू मांडायचा, पण विज्ञानाचा. आपल्याकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात तसाच, फक्त प्रत्येक पायरीवर एक प्रयोग. तुला सांगितलं तेव्हा तू आनंदानं टाळी वाजवलीस. दीड महिना खपत होतास. मधल्या पायरीसाठी राजा-राणीच्या सहा जोड्या केल्यास, सगळ्या आपल्या हातानं. कुंभाराकडून माती आणलीस, प्रत्येक बूड तळहातावर तोलून बघितलंस. एक राणी तुला जरा तिरकी उठते असं वाटलं, तर फोडून पुन्हा केलीस. तुझी बायको, सरसू, म्हणाली, "अक्का, हे रातदिन तुमच्याच बाहुल्या रंगवालेत, जेवायला या म्हटलं तर राणीचं तोंड वाळूं दे म्हणतात." आम्ही दोघी हसलो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मुलं हॉलमधून पळत गेली, पायऱ्या हलल्या आणि सगळे राजे-राण्या डोलायला लागले. एक राजा डोलत डोलत कडेला आला, खाली पडला आणि त्याचं नाक उडालं. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे यायचे होते, निवृत्त अधिकारी, शाळेच्या नव्या इमारतीसाठी ज्यांचा शब्द उपयोगी पडणार होता. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. ओळ वाकडी दिसली की माझा जीव वर खाली होतो. सगळे घरी गेल्यावर मी सुतारकामाचा पांढरा गोंद आणला, सहा राजे, सहा राण्या एकेक करून फळीवर चिकटवल्या. नाक उडालेल्या राजाचं तोंड भिंतीकडे केलं. दारं लावून, माझ्या हातानं. शिपायालाही सांगितलं नाही. काम झाल्यावर मागे सरून बघितलं, ओळ सरळ होती, आणि मला फार बरं वाटलं.

जिचं सगळं शास्त्र हलण्यात आहे ती बाहुली मी हलू नये म्हणून चिकटवली. फिजिक्सची एम.एस्सी.! हे वाचून कुणी हसलं तर मी काही म्हणणार नाही.

सकाळी तू लवकर आलास, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पायऱ्यांजवळून जाताना सवयीनं एका राणीला बोटानं टिचकी मारलीस. ती जागची हलली नाही. तू वाकलास, बुडाशी बघितलंस, मग वळून माझ्याकडे बघितलंस. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. मी हातानं खूण केली, राहू दे, हात लावू नकोस. तू मान हलवलीस आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलास.

पाहुण्यांना भाषण करायचं होतं. त्यांना वाटलं, भाषणाआधी मुलांना काहीतरी करून दाखवावं. ते थेट मधल्या पायरीकडे गेले आणि म्हणाले, "मुलांनो, ही आपल्या तंजावरची बाहुली, हिला कुणी पाडू शकत नाही, बघा." आणि राणीला ढकललं. काही झालं नाही. पुन्हा ढकललं, जोरात. राणी दगडासारखी. आधी पाचवीतल्या मुली हसल्या, मग सगळा हॉल. पाहुण्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, कुणी बनवली ही?

दोन शब्द पुरेसे होते, विठ्ठू. "मी चिकटवली." बस, एवढंच. त्याऐवजी मी इंग्रजीत म्हणाले, "माझा भाऊ, सर. लॅब असिस्टंट आहे, शास्त्र शिकलेला नाही. बूड चुकलं असेल." तुला इंग्रजी कळत नाही असं थोडंच होतं? मागच्या रांगेतून तुझा आवाज आला, तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "वजन कमी पडलं, सार. माझंच चुकलं." पाहुण्यांनी उदारपणे हात हलवला, काही हरकत नाही, म्हणाले, आणि भाषण सुरू केलं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि टाळ्या वाजवल्या.

हॉल रिकामा झाल्यावर तू कोमट पाण्याची बादली, ओला फडका आणि करवतीचं पातं घेऊन जमिनीवर मांडी घालून बसलास आणि एकेक बाहुली सोडवायला लागलास. मी कॉफी पाठवली. खरं तर मी स्वतः आणायला हवी होती. मग आले, तुझ्यामागे उभी राहिले. तू वर न बघता म्हणालास, "गोंद बेस अहे, अक्का. कोठें मिळालं?"

तू थट्टा करत होतास. मला वाट काढून देत होतास, एवढंसं दार उघडं ठेवलं होतंस. आणि मी काय म्हणाले? शेवटची राणी सुटेना म्हणून तू तिच्याभोवतीचा फळीचा तुकडाच कापून काढलास, ते बघून म्हणाले, "फळी बिघडवलीस. आणि हा भुसा झाडून जा." तू झाडून गेलास. कोपरेसुद्धा झाडलेस.

त्यानंतर तू माझ्या शाळेत पाऊल टाकलं नाहीस. भांडलाही नाहीस. दिवाळीला आलास, माझ्या हातचं अंबट वरण दोनदा मागून घेतलंस, माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. शाळेत ये म्हटलं की म्हणायचास, "पाहूं, अक्का. रविवारीं गांवांत जायचं अहे." आणि खरंच जायचास, पेटी बांधून, कालव्याच्या कडेकडेनं, भाताच्या शेतांमधून, जिथं पोरं दिसतील तिथं. मी स्वतःला सांगत राहिले की तू रागावलेला नाहीस. पण रागावला नाहीस म्हणून मी सुटते असं कुठं होतं?

एकदा सांगायला निघाले होते. ओरत्तनाडूला लग्नाला चाललो होतो, बसमध्ये शेजारी बसलो होतो. मी म्हणाले, "विठ्ठू, त्या कोलूच्या वेळीं..." तू लगेच खिडकीबाहेर बोट केलंस. "ते पाहा, अक्का, नारळाच्या झाडावर चढालाय तो, दोरीची गांठ कशी घाटलीय पाहा!" मी पाहिली. मग तू गाठीवर बोलत राहिलास ते थेट ओरत्तनाडूपर्यंत. माझी सुटका करतोयस हे मला कळत होतं आणि मी ती करून घेतली.

आता मी आज हे का लिहिते आहे ते सांगते. तुझ्या दहाव्याला मलर आली होती. आठवते ना? त्या दिवशी पाचवीत होती, हसणाऱ्यांत सगळ्यांत पुढे. नंतर तिच्या वडिलांनी पापनाशमजवळच्या गावात घर केलं. आता ती तिथल्या सरकारी शाळेत दहावीत आहे. रडून तिचे डोळे सुजले होते. गावातली पोरं तुला बोम्मै मामा, बाहुलीमामा, म्हणायची. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, बोम्मै मामा आमच्या गावात ती बाहुली आणायचे."

"कुठली?"

"ती न उठणारी. फळीच्या तुकड्यावरची. आपल्या शाळेतली."

मग तिनं सगळं सांगितलं. तू प्रत्येक गावात ती राणी पेटीतून सगळ्यांत शेवटी काढायचास. आधी डोलणाऱ्या बाहुल्या पोरांच्या हातात द्यायचास, मग हिला मधे ठेवून म्हणायचास, "ही उठत नाही. का, ते शोधा." पोरं वजन बघायची, वास घ्यायची, कानाशी धरायची, आणि शेवटी कुणीतरी बुडाशी नख लावून ओरडायचं, गोंद! पाच वर्षं, विठ्ठू. माझ्या चुकीचा तू प्रयोग केलास, आणि मलरच्या म्हणण्याप्रमाणे तो पोरांचा सगळ्यांत आवडता प्रयोग होता.

"आम्ही विचारायचो, मामा, गोंद लावला कुणी?"

मी विचारलं, "मग? काय म्हणायचे?"

"म्हणायचे, जिला ही पडेल अशी भीती वाटली, तिनं. वाईट मनानं नाही लावला." मग तिनं माझ्याकडे बघितलं, भाबडेपणानं, आणि विचारलं, "कुणी लावला होता, मॅडम? तुम्हाला माहीत असेल ना?"

समोर तुझा फोटो, हार, समई. सरसू आत भांडी लावत होती. आणि मी म्हणाले, "नाही ग, काही कल्पना नाही."

तुझ्या फोटोसमोर. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा पाहुणे होते, इमारत होती, निदान काहीतरी होतं. या वेळी काहीच नव्हतं. एक पंधरा वर्षांची मुलगी होती आणि ती कुणाला सांगायलाही जाणार नव्हती. त्या दिवसापासून मला माझीच किळस आली आहे.

मी निघताना सरसूनं ती राणी माझ्या हातात दिली, फळीच्या तुकड्यासकट. "ही तुमचीच, अक्का. शाळेची म्हणून ते सांगायचे. पेटींतलं बाकी अस्की, अगदी सगळं, पोरांना वाटूं म्हणते." तिला काहीच माहीत नाही. तू तिलाही सांगितलं नाहीस.

आज विजयादशमी. सकाळी शाळेत चिमुरडी आली होती, बापाच्या मांडीवर बसून तांदळात पहिलं अक्षर गिरवायला. मी मलरला बोलावून घेतलं होतं. माझा बेत होता सगळ्या पालकांसमोर बोलायचा. तसं बोलायची तयारीही केली होती. उभी राहिले आणि नुसत्या शुभेच्छा देऊन खाली बसले. शेवटी तिला एकटीलाच ऑफिसात नेलं, राणी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मलर, गोंद मी लावला होता. मामांचं वजन बरोबर होतं. त्या दिवशीही मी खोटं बोलले आणि परवा तुझ्याशीही."

तिनं राणीखालच्या फळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग मामा स्वतःची चूक का म्हणाले?"

तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. तेवढं म्हटलं. तिनं बाहुली उचलून बुडाशी बघितलं आणि विचारलं, "गरम पाणी मिळेल का, मॅडम?" आम्ही दोघी रिकाम्या हॉलमध्ये जाऊन खाली बसलो, तू बसला होतास तिथं. फडका भिजवून भिजवून, तासभर. गोंद पांढरा होऊन साबणासारखा निघाला. मलरनं राणी जमिनीवर ठेवली आणि टिचकी मारली. राणी डोलली. मलर तिच्याकडे बघून हसली, माझ्याकडे मात्र तिनं बघितलं नाही. जाताना नमस्कार केला, पण घाईनं. ते ठीकच आहे.

आता संध्याकाळ झाली आहे. यंदा घरात कोलू नाही, तू गेलास ते वर्ष आहे. पण दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी करून निजवायची आणि मगच कोलू संपला म्हणायचं, ही आपली रीत. तू पाच वर्षांचा होतास तेव्हा आईनं तुला सांगितलं, "एकीला निजव, मग अस्की निजले असं समज." आणि तू नेमकी तलैयाट्टी उचललीस. निजवलीस, उठली. पुन्हा निजवलीस, पुन्हा उठली. "आई, ही निजेना!" म्हणून भोकाड पसरलंस. आई म्हणाली, "मग हात ठेव तिच्यावर." तू हात ठेवून बसलास आणि मी, दहा वर्षांची शहाणी, खो खो हसले. मला वाटतं तुझं सगळं त्या हातापासून सुरू झालं.

सरसूसाठी हे सगळं तमिळमध्ये लिहायचं आहे, तिला वाचता येईल असं. त्या पाहुण्यांनाही एक पत्र लिहायचं आहे. ती दोन्ही मला याहून जड जाणार आहेत. तिथं अक्षरांच्या मागे लपता येणार नाही.

राणी टेबलावर आडवी आहे. मी डाव्या हातानं तिला धरून ठेवलं आहे आणि उजव्या हातानं हे लिहिते आहे. बूड चांगलं जड आहे, विठ्ठू, हाताला कळतं. तुझं वजन कधीच कमी पडलं नव्हतं.

हात काढते.